या हो देवा, डीजे वाजला

पिंपळगावात द्राक्षांचा हंगाम सुरू झालेला आधी कानाला कळतो. सकाळी अंगावर शाल असते, चहा अजून चुलीवर असतो, आणि रस्त्यावरून टेम्पो जायला लागतात. जाताना रिकाम्या क्रेटचा खडखडाट, येताना भरल्या क्रेटचा दबका आवाज. मधूनच एखाद्या टेम्पोत मळ्यावर निघालेल्या बायका असतात, डोक्याला रुमाल बांधलेल्या, एकमेकींच्या सासवांची मापं काढत. दुपारी पॅकहाऊसच्या बाजूनं वारा आला की हवेला गोडसर आंबूस वास येतो. माश्या, मधमाश्या, गांधीलमाश्या सगळ्यांना तो वास कळतो आणि त्या सरळ माझ्या घरात शिरतात. मी ब्लाउज शिवते. एका हातात कात्री आणि एका हातात वर्तमानपत्राची गुंडाळी, असा माझा फाल्गुन जातो.

आणि गाणी! द्राक्षं निघाली की माणसाच्या हातात चार पैसे येतात आणि लग्नं निघतात. लग्न म्हटलं की हळद, हळद म्हटलं की डीजे. कालच आमच्या मागच्या गल्लीत डीजे लागला. भिंती हादरल्या, माझी बॉबिन टुणकन टेबलाखाली गेली, आणि ते सुरू झालं. 'हळद वाटली, मांडव सजला, या हो देवा, डीजे वाजला!' मी टेबलाखाली वाकलेली, आणि तिथल्या तिथे माझी मान ताल धरून डोलायला लागली. काय करणार, आमच्या घरचंच गाणं आहे.

यंदा ते मला जास्तच ऐकू येतंय, कारण माझ्या धाकट्या भावाचं, योगेशचं लग्न ठरलंय. माहेर सायखेड्याचं. तिथे गोदावरीच्या काठाला आमचा भाजीपाला आणि थोडी झेंडू-शेवंती. वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आईनं एकटीनं ती भाजी पिकवली, नाशिकच्या बाजारात विकली आणि आम्हा दोघांना वाढवलं. लग्न ठरलं त्याच दिवशी फोनवर आई म्हणाली, "हळदीच्या दिवशी मी कोठीघर सांभाळते. गूळ, तेल, सुपाऱ्या. कुणीतरी जबाबदार माणूस पायजे ना तिथं." मी म्हटलं, "आणि पोराला हळद कोण लावणार?" तर म्हणते, "पाच सवाष्णी हायेत की गावात. तुझ्या लग्नात नव्हत्या का?"

होत्या. माझ्या हळदीला पाच सवाष्णी होत्या आणि आई आत भांडी मांडत होती. तेव्हा मला त्यात काहीसुद्धा वावगं वाटलं नव्हतं. असंच असतं, म्हणून असंच होतं. आता मात्र तिचा तो कोठीघराचा बेत ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. का गेली, ते सांगायचं तर मला काही वर्षांपूर्वीच्या त्या एका हंगामाकडे जावं लागेल.

आमचे गीतकार, म्हणजे माझे यजमान, संपतराव. नोकरी कोल्ड स्टोरेजमध्ये. बाहेर भट्टीसारखं ऊन तापलेलं असतं आणि हा माणूस कानटोपी घालून घरी येतो. गल्लीतल्या नव्या भाडेकरूंना वाटायचं, डोक्यावर परिणाम झालाय. तो झालाच होता, पण थंडीचा नाही, यमकांचा. तिथे द्राक्षांच्या पेट्यांमध्ये उभं राहून हे गाणी जुळवतात. प्रेमाची गाणी, वरातीची गाणी, रिक्षावाल्याची गाणी. आणि गाणं कसलंही असो, त्यात देव येणारच. मुलगी हो म्हणाली तर गडावरच्या आईला नारळ. मुलगी नाही म्हणाली तर खंडेरायाशी भांडण. मी एकदा विचारलं, "अहो, एखादं गाणं देवाला सुट्टी देऊन लिहा की." तर म्हणाले, "देव काढले तर माझ्या गाण्यात उरतंय काय? नुसता डीजे."

चाली लावायचा मिलिंद. नाशिकला आयटीआयमध्ये दोघं एका बाकावर होते, ती दोस्ती. मिलिंद राहायला नाशिकला, कामाला ओझरला. घरातल्या एका खोलीच्या भिंतींना त्यानं अंड्यांचे ट्रे चिकटवलेत आणि त्या खोलीला तो स्टुडिओ म्हणतो. मिलिंद बौद्ध. देव मानत नाही. आणि जिल्ह्यातल्या सगळ्या देवांना नाचवणाऱ्या चाली त्याच्याच कीबोर्डमधून निघायच्या. मला मोठी गंमत वाटायची. एकदा जेवायला आला होता तेव्हा विचारलं, "काय हो भाऊजी, तुम्ही मानत नाही, मग चाल कशी सुचते?" तो म्हणाला, "वहिनी, मी देवाला चाल लावतच नाही. संप्याचे देव वाचले की मला तुमच्या गल्लीतले म्हातारेच दिसतात. कुणाला पान लागतं, कुणाला पुढची खुर्ची लागते. त्या म्हाताऱ्यांना मी चाल लावतो."

खरंच होतं ते. आमच्याकडे लग्न निघालं की पहिलं आवतण देवांना. बायका गाण्यातून एकेका देवाचं नाव घेऊन त्याला हळदीला बोलावतात. ग्रामदेव, कुलदेव, शिवेवरचे देव. ह्यांनी ती जुनी रीत उचलली आणि डीजेवर चढवली. 'खंडेराया, घोडं बांधा टेम्पोच्या शेजारी, मरीआई, बसा तुम्ही कूलरच्या समोरी.' देव आला की त्याला पाणी विचारायचं, त्याचे पाय दुखतात का विचारायचं, तो कुणाच्या शेजारी बसणार नाही ते लक्षात ठेवायचं. गाणं यूट्यूबवर चढलं आणि आठ-पंधरा दिवसांत असं पळालं की विचारू नका. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी मला रस्त्यात गाठून सुनावलं, "देवाला डीजेवर नाचवता? काही पावित्र्य?" मी म्हटलं, "मास्तर, देवाला नाचणं आवडत नसेल, तर आपण गोंधळ घालतो तेव्हा तो काय कानात बोळे घालून बसतो?" मास्तर पुढे गेले. पण त्यांच्या नातीच्या हळदीला तेच गाणं वाजलं, आणि मास्तरांचा पाय हलताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

घोटाळा निराळाच झाला. कोल्ड स्टोरेजमध्ये मोबाईलला रेंज नाही, म्हणून व्हिडिओखाली ह्यांनी माझा नंबर टाकला होता. मला न विचारता! ऐन लगीनसराईत, तोंडात टाचण्या धरलेल्या असताना, फोन यायला लागले.

पहिला फोन एका म्हाताऱ्या बाबांचा. "गाणं लय भारी हाय ताई. पर आमचा म्हसोबा राह्यला."

"कोणता म्हसोबा, बाबा?"

"आमच्या बांधावरचा. खंडेरायाला बोलावलं, मरीआईला बोलावलं. म्हसोबानं काय घोडं मारलंय?"

मी हसून सोडून दिलं. मग सटाण्याकडून एक बाई, "गानं झकास शे ताई, पन आमना देव कोठे शे?" मग पेठकडच्या डोंगरातून कुणी तरी, की वाघदेवाला तुम्ही आवतण दिलं नाही, आता तो बिनआवतणाचा आला तर आम्हाला नका सांगू. मी दचकून खिडकी लावून घेतली! कुणाची देवी चिंचेखालची, कुणाची विहिरीवरची, कुणाचा देव फक्त एका शेंदराच्या दगडाएवढा. पण प्रत्येकाला वाटायचं, सगळ्या जिल्ह्याच्या देवांनी मांडवात मिरवायचं आणि आपल्याच देवानं घरी बसायचं, हे बरं नाही. मी संध्याकाळी फणफणत ह्यांना सांगायची. आणि हे कानटोपी काढून, गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "बरोबर आहे त्यांचं. घालू." आणि घालायचे. मिलिंदच्या खोलीत जाऊन नवं कडवं गाऊन यायचे. गाणं वाढत वाढत इतकं लांबलं, की एका डीजेवाल्यानं मला फोन करून हात जोडले. "वहिनी, नवरदेवाची हळद वाळून चाललीय, देव अजून येऊनच राह्यलेत."

आता वाटतं, त्या फोन करणाऱ्या लोकांची मी उगीच टर उडवली. माणसाला आपला देव मोठा व्हावा असं वाटतच नव्हतं, त्याला फक्त नावानं बोलावलं जावं एवढंच वाटत होतं. नावानं बोलावणं ही काही छोटी गोष्ट नाही. भक्ती-भक्ती म्हणतात ती बहुतेक हीच असेल. मी काही शिकलेली बाई नाही, पण शंभर बायकांची मापं घेतली की एवढं कळतं.

तर त्याच हंगामात मिलिंदच्या बहिणीचं, करुणाचं लग्न ठरलं. त्यांच्याकडे मुहूर्त बघायचा नसतो, सुटीचा वार बघायचा असतो. रविवार धरला, शनिवारी संध्याकाळी हळद. मिलिंद घरी आला, चहा पुढ्यात गार होईस्तोवर बसून राहिला, आणि मग बोलला. "संप्या, सगळा जिल्हा माझ्या चालीवर नाचतोय. माझ्या बहिणीनं तिच्या हळदीत नाचायला नको का? पण आई म्हणते, ज्या देवांना मी सोडून आले त्यांना माझ्या दारात आवतण नको. आणि ते तिचं बरोबर आहे." पोरगं एवढं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हे लगेच म्हणाले, "अरे, मग नवं लिहितो. चाल तीच."

म्हणाले खरे, पण लिहिता येईना. चार दिवस नुसते पेन चावत बसले. पाचव्या दिवशी उड्या मारत आले. जमलं! करुणाच्या ब्लाउजचं माप घ्यायला मला नाशिकला जायचंच होतं. लग्नाची पांढरी साडी, तिच्यावरचा पांढरा ब्लाउज मी शिवणार होते. दोघं गेलो. मिलिंदच्या आईला आम्ही मावशी म्हणतो. किडकिडीत बाई, पण पाठ अशी ताठ की तिच्यापुढे मीसुद्धा नीट बसते. नवरा लवकर गेला, तिनं दवाखान्यात साफसफाईचं काम करून दोन लेकरं शिकवली. हे तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी मोठ्या भक्तिभावानं नवं गाणं म्हटलं. काय केलं होतं माहितीये? जिथे 'या हो देवा' होतं, तिथे 'या हो बुद्धा' घातलं होतं. आणि त्यांनाही खुर्ची कूलरसमोर!

मिलिंदनं कपाळावर हात मारून घेतला. करुणा हसू दाबायला आत पळाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मावशी मात्र रागावली नाही. म्हणाली, "संपत, तुझं मन चांगलं आहे बाळा. पण त्यांना हळदीला बोलवायचं नसतं. ते काही येऊन आशीर्वाद देणारे देव नाहीत. त्यांनी सांगितलं तसं आपण वागायचं असतं. लग्नात वंदना म्हणू, ती त्यांना बोलावण्यासाठी नाही, आपल्याला आठवण राहण्यासाठी."

हे पार हिरमुसले. "मग मावशी, मी बोलावू तरी कुणाला? माझ्या गाण्यात कुणी येणारच नसेल, तर गाणं कशाला?"

"बोलव की. जी हळद लावणार आहे तिला बोलव."

"कोण लावणार आहे?"

"मी. तिची आई."

मी करुणाच्या खांद्याचं माप घेत होते. टेप हातातच राहिली आणि तोंडून निघून गेलं, "तुम्ही?" बोलले आणि जीभ चावली. मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि चक्क हसली. म्हणाली, "का गं पोरी? माझ्या हाताची हळद पिवळी नसते का?"

मी परत माप घ्यायला लागले आणि तेच माप दोनदा घेतलं. परतीच्या रस्त्यात ओझर मागे पडलं तेव्हा हे एकदम म्हणाले, "ऐक. 'या हो देवा' काढलं, 'ये गं आई' घातलं. चालीला धक्कासुद्धा लागत नाही." आणि गाडी चालवत मोठ्यानं म्हणायला लागले. 'हळद वाटली, मांडव सजला, ये गं आई, डीजे वाजला. उन्हात रापला हात तुझा, सावली झाला मला, त्याच हातानं पहिलं बोट लाव माझ्या गाला.' शेजारून द्राक्षांचा टेम्पो चालला होता, त्याचा ड्रायव्हर वाकून आमच्याकडे बघत होता. मी पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, समोर बघून चालवा.

ती शनिवारची संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. कॉलनीतली गल्ली, दोन्ही बाजूंना निळ्या-पांढऱ्या पताका, प्लास्टिकच्या खुर्च्या, पोरांचा दंगा. मिलिंदनं स्वतः गाणं लावलं आणि बोटं मोडत उभा राहिला. आईला ऐकवलंच नव्हतं त्यानं. 'ये गं आई' आलं, तशी मावशी घरातून पदराला हात पुसत बाहेर आली. सवयीनं माझी नजर सवाष्णी शोधत होती. कुणीतरी पुढे होईल, कुणीतरी मावशीचा हात धरेल, कुणीतरी कुजबुजेल. काही झालं नाही. मावशीनं वाटीत बोट बुडवलं आणि लेकीच्या गालाला हळद लावली. आभाळ कोसळलं नाही, साधी लाईटसुद्धा गेली नाही. करुणानं आईला मिठी मारली तशी मावशीचं पांढरं पातळ पिवळं झालं, आणि मग ती ताठ पाठीची बाई नाचली. काय नाचली हो! मिलिंद रडत होता आणि नाचत होता. आमचे गीतकार कीबोर्डच्या खोक्यावर बसून लहान पोरासारखे टाळ्या पिटत होते.

आणि माझ्या हळदीला आई भांडी मांडत होती ते माहेरचं आतलं घर मला आठवलं. वाटलं, म्हसोबा राहिला तर कुठल्या कुठल्या गावाहून मला फोन आले. माझी आई राहिली होती, तेव्हा कुणाचा फोन आला होता? तिच्या वतीनं कोण भांडलं? मी तिची मुलगी, मी तर खुशाल हसत हळद लावून घेत होते. त्या पोरवयातल्या मला दोष देत नाही मी. पण ते कळलं, आणि कळलेलं परत विसरता येत नाही.

म्हणून यंदा आईनं कोठीघराचं नाव काढलं, तशी मी दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन सायखेड्याला गेले. आई मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होती. बांधावर बसूनच भांडलो आम्ही मायलेकी. मी म्हटलं, "योगेशला पहिली हळद तू लावायची." ती म्हणाली, "येडी झाली का?" मी आवाज चढवला. तिनं माझ्याहून चढवला. शेवटी हातातली जुडी खाली ठेवली आणि खरं ते बोलली. "अगं, माझ्या हातानं लावली आन् उद्या पोराच्या संसारात काही वाईट झालं म्हंजे? मी कुठं तोंड लपवू?"

माझा राग खाडकन उतरला. मला वाटत होतं, ती लोकांना भिते. ती स्वतःच्या हातांना भीत होती! ज्या हातांनी वाफे ओढले, योगेशला तापात मांडीवर धरून ठेवलं, त्या हातांना. मी तिचा हात धरून बसले, मेथीचा वास येणारा.

आमचे हे सासूपुढे सहसा तोंड उघडत नाहीत. सासूबाईंना मामी म्हणतात आणि जेवल्यावर झोपतात, एवढाच संबंध. त्या दिवशी मात्र हळूच म्हणाले, "मामी, देवांना आवतण राहिलं तर ते रुसतात. मला किती लोकांनी शिव्या घातल्या. तुम्हाला इतक्या लग्नांत कुणी बोलावलं नाही, तुम्ही कधी रुसला कशा नाही?"

आई मग म्हणाली, "रुसून कुणाला सांगू, जावईबापू?"

ह्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि ते गाणं लावलं, करुणाच्या हळदीचं. योगेशच्या हळदीसाठी दोन्ही गाणी जोडलीत त्यांनी. आधी आई, मग सगळे देव. देवांना कुठे घाई असते, म्हणाले. आई ऐकत होती. शेजारच्या वाफ्यात पाणी सुटलेलं होतं, ते दुसरीकडे वळवायचं होतं, पण ती उठली नाही. गाणं संपलं तरी तिनं मोबाईलवरची नजर काढली नाही.

"लोक काय म्हनतील गं?" तिनं विचारलं.

"लोक नाचतील, आई."

ती उठली. फावडं घेतलं, पाणी वळवून आली, पाय धुतले, आणि पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मग माप घे माझं," ती म्हणाली. "तुझ्या लग्नातल्या ब्लाउजात मी आता मावत नाय. आन् रंग पिवळाच घे, हळद सांडली तरी दिसायची नाय."